सात दिवसांची मुदत, दहा दिवसांचं सुतक

पुण्यात सायकल कुणाची असते? ज्याला घाई असते त्याची. वसतिगृहाच्या ओट्याला टेकवलेली सायकल एकाने कॉलेजात न्यावी, दुसऱ्याने गिरणीवर, आणि खुद्द मालकाने तिसऱ्याच्याच सायकलवर बसून तिचा शोध घेत फिरावं, हा तिथला शिरस्ता. श्यामकांत पाळंदे सहा वर्षं या शिरस्त्यात वाढला आणि मग रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला जर्मनीत कार्ल्सरूहेला गेला. परदेशी निघालेला माणूस लोणच्याची बरणी आठवणीने धोतरात गुंडाळून घेतो. सवयी मात्र न गुंडाळताच बरोबर येतात.

लग्न झाल्यावर सव्विसाव्या दिवशी त्याची बोट सुटली होती. म्हणजे मालिनी त्याच्या वाट्याला एकूण सव्वीस दिवस आली, आणि त्यातले निम्मे पाहुण्यांच्या गराड्यात गेले. त्याला आता दोन वर्षं झाली. तिचा चेहरा फोटोत होता, पण आवाज फोटोत नसतो. प्रयोगशाळेत काचेच्या नळीकडे बघत बसला असताना तो आवाज आठवायचा प्रयत्न करी. ‘अहो’ एवढं नीट ऐकू येई. पुढचं वाक्य काही केल्या येत नसे, आणि मग त्याला रडू फुटेल की काय असं वाटे.

म्हणून गुरुवार महत्त्वाचा. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला स्टेशनाजवळच्या पोस्टात विमानडाकेची थैली बंद होई. पत्र त्या थैलीत पडलं तर साताऱ्याला मालिनीच्या हातात आठ दिवसांनी जाई. चुकलं तर पंधरा दिवस. दोन वर्षांत श्यामकांतने एकही गुरुवार चुकवला नव्हता. त्याचे प्रोफेसर एवढे नेमाचे, पण त्यांनीही या बाबतीत त्याच्यापुढे हात टेकले होते.

१९५७ सालच्या ऑक्टोबरातल्या शेवटच्या गुरुवारचं पत्र तर सगळ्या पत्रांचा राजा होतं. परक्या लोकांच्या परवान्यांचं जे ऑफिस असतं, तिथल्या साहेबाने त्याच सकाळी सांगितलं होतं की बायकोला आणायला हरकत दिसत नाही. तिचा फोटो, लग्नाचा दाखला मागवा. मग तुमच्या वर्तणुकीचा दाखला जोडा. वसंतात ती इथे असेल. श्यामकांतने पत्र चार वेळा लिहून चार वेळा फाडलं. पाचव्या वेळी, ऑफिसातून आणलेले कोरे फॉर्म आत घडी घालून, त्याने शेवटी एकच शब्द लिहिला: ‘ये.’ घड्याळात पाहतो तो पाच वाजून बारा मिनिटं.

तो संशोधन करत होता त्या संस्थेच्या अंगणात भिंतीला एक गंजकी काळी सायकल उन्हाळ्यापासून उभी होती. कुलूप नाही, दिवा नाही. कुणीही उचले, ग्रंथालयापर्यंत जाई, परत आणून टेकवी. श्यामकांतने ती घेतली आणि सुसाट निघाला.

स्टेशनाच्या चौकात पोलिसाने हात केला. दिवा का नाही? मग वाकून सांगाड्यावरचा नंबर पाहिला, खिशातली वही काढली, आणि त्याचा चेहरा बदलला. सायकल एका निवृत्त ट्रामचालकाची होती आणि ऑगस्टपासून चोरीला गेलेली म्हणून नोंदवलेली होती. श्यामकांतने हात जोडले. ‘आधी पत्र टाकू द्या, मग कुठेही न्या.’ पोलीस भला माणूस होता. त्याने खिडकीपर्यंत सोबत केली, थैलीत पत्र पडेपर्यंत थांबला, आणि मग त्याला चौकीवर नेलं. तिथे श्यामकांतने आपल्या जर्मनमध्ये सगळं खरं खरं सांगितलं. कारकुनाने त्यातलं एवढंच टिपलं की सायकल घेतल्याचं हा कबूल करतो. श्यामकांतने खाली सही केली. पत्र वेळेत गेलं, या आनंदात तो चालत घरी आला आणि ती गोष्ट विसरूनही गेला.

अठरा दिवसांनी, सोमवारी, धाकट्या भावाचं, श्रीरंगचं पत्र आलं. अण्णा गेले. अचानक, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. ‘तार केली नाही, तू तिथे एकटा, घाबरला असतास. अग्नी मी दिला.’ खाली आईने वाकड्यातिकड्या अक्षरांत दोनच ओळी लिहिल्या होत्या. ‘चि. श्यामकांतास आशीर्वाद. लेकाला ऐकल्या दिवसापासून दहा दिवस असतात, ते पाळ. तिथे बघायला कोणी नाही, म्हणूनच पाळ.’

श्यामकांत काही मोठा कर्मठ नव्हता. जानवं बोटीवर कुठेतरी गळून पडलं होतं आणि अंडी तो आवडीने खाई. पण थोरला मुलगा असून अण्णांच्या तोंडात पाणी त्याने घातलं नव्हतं, खांदा दिला नव्हता. दहा दिवस अण्णा नव्हते आणि इथे हा संस्थेच्या खानावळीत बटाटे खात हसत होता. या विचाराने त्याला स्वतःची शिसारी आली. आईने जे एक काम सांगितलं होतं, ते तो आता जिवापाड करणार होता.

तो फ्राऊ ओबर्ले नावाच्या बाईंच्या घरी भाड्याने राहायचा. साठीच्या, ठेंगण्या, तोंडाने फटकळ. त्यांना त्याने दाराआडूनच सांगितलं की वडील वारले आहेत, दहा दिवस मला शिवू नका, मी कुठे जाणार नाही, संस्थेत निरोप द्या. बाईंना वाटलं याला संसर्गाचा काही रोग झाला. ‘डॉक्टरला बोलावते,’ म्हणाल्या. श्यामकांतने साफ नकार दिला. गादी गुंडाळून ठेवली, जमिनीवर घोंगडी टाकली, दाढी सोडली, एकवेळ मऊ भात करून खाऊ लागला.

अण्णा साताऱ्याला एका वकिलाकडे चौतीस वर्षं कारकून होते. आजोबा गेले तेव्हा श्यामकांत सात वर्षांचा होता, पण त्याला चांगलं आठवत होतं. अण्णांनी दहा दिवस लेखणीला हात लावला नव्हता. कोर्टाचा शिपाई कागद घेऊन आला तर उंबऱ्याबाहेरूनच परत गेला, आणि कोर्टात कुणी मागायच्या आधी मुन्सफाने पाळंद्यांकडचं सुतक म्हणून पुढची तारीख दिली. सुतक म्हटलं की विरुद्ध बाजूचा वकीलसुद्धा उठून ‘तारीख द्यावी साहेब’ म्हणे. दहा दिवस जग दाराबाहेर थांबतं, हे श्यामकांतने डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्याच दिवशी फ्राऊ ओबर्लेंनी दार वाजवलं. त्या त्याला श्रीयुत या अर्थी ‘हेर’ म्हणत. ‘हेर पाळंदे, कोर्टाकडून पाकीट आलंय. पोस्टमनने वर तारीख लिहून दिलीय. उघडा.’

‘दहा दिवसांनी,’ श्यामकांत म्हणाला.

‘कोर्टाचं आहे हो!’

‘म्हणूनच. कपाटावर ठेवा.’

बाईंनी दार ढकलून ते त्याच्या खोलीतल्या कपाटावर ठेवलं. श्यामकांत रोज ते पाकीट बघे. दहाव्या दिवशी पहाटे तो आल्ब नावाच्या लहानशा नदीवर गेला. तीळ मिळाले नव्हते. फ्राऊ ओबर्लेंकडे केकात घालायची काळी खसखस होती, तीच त्याने ओंजळीत घेतली आणि बर्फासारख्या पाण्यात उभं राहून अण्णांना सोडली. अण्णा हसले असते. ‘माल बदलला तरी पावती मिळेल,’ म्हणाले असते. मग तो काठावर बसून पोटभर रडला.

अकराव्या दिवशी दाढी केली, पाकीट उघडलं, आणि पहिल्याच ओळीतल्या मोठ्या अक्षरांतल्या शब्दावर त्याचे डोळे थांबले. डीबष्टाल. चोरी.

त्याच दुपारी त्याने दत्तात्रय करंबेळकरांना फोन केला. दत्तात्रय त्याच्याहून आठ वर्षांनी मोठे, लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात नोकरीला. परिसरातल्या झाडून सगळ्या मराठी मुलांचे ते बिनपगारी पालक होते. तासाभरात गाडी पकडून आले, कागद वाचला, आणि टोपी टेबलावर आपटली.

‘अरे पाळंद्या, हा श्ट्राफबेफेल आहे! न बोलावता, न विचारता, कागदावर दिलेली शिक्षा. आल्झो, बरं, खाली लिहिलंय ते वाचलंस का? हरकत सात दिवसांत. तुझ्या हातात कधी आलं?’

‘नऊ दिवसांपूर्वी.’

‘आणि तू काय करत होतास?’

‘सुतक होतं ना.’

दत्तात्रयांनी श्यामकांतच्या तुळतुळीत, लहान दिसणाऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘चल. माझ्या ओळखीचे एक वकील आहेत.’

वकील म्हातारे आणि सावकाश बोलणारे होते. त्यांनी समजावून सांगितलं. दंड किरकोळ आहे, त्याचं सोडा. पण सात दिवस तुम्ही गप्प बसलात, म्हणजे आरोप तुम्हाला मान्य, असं कायदा धरतो. आता हा कागद भरकोर्टातल्या निकालाइतका पक्का झाला. खटला उभा राहिला असता तर मी दहा मिनिटांत दाखवलं असतं की सायकल सगळेच वापरत, तुम्ही ती परत ठेवणार होतात. ती चोरी नव्हेच. फार तर परवानगीवाचून वापर, आणि तोही त्या ट्रामवाल्याने माफ केला असता. पण आता हे कुणीच ऐकणार नाही. इथलं कोर्ट नाही, वरचं नाही, त्याच्या वरचं नाही. तुम्ही चोर आहात की नाही हा प्रश्नच संपला.

‘मग बायकोच्या परवान्याला वर्तणुकीचा दाखला लागतो, त्यावर...?’

‘त्यावर चोरी येणार.’

मालिनीचे कागद एव्हाना वाटेत असतील. तिने फोटो काढून घेतला असेल. कुठलं लुगडं नेसली असेल?

‘एक दार आहे,’ वकील म्हणाले. ‘मुदत चुकायला तुमचा इलाज नव्हता, असं पटवलं तर न्यायाधीश तुम्हाला पूर्वस्थितीत नेऊन बसवतो. मुदत गेलीच नाही असं समजून खटला चालतो. तुम्ही आजारी होतात का? डॉक्टरचा एखादा कागद?’

‘नाही. मी धडधाकट होतो.’

‘पाकीट तुम्हाला मिळालंच नाही, असं काही? घरमालकिणीने घेतलं आणि द्यायला विसरली, तर मात्र कायदा स्पष्ट तुमच्या बाजूने आहे.’

श्यामकांतच्या डोक्यात ‘पूर्वस्थिती’ हा एकच शब्द घोळत राहिला. कुठल्या पूर्वस्थितीत नेतील? पाच वाजून बारा मिनिटांच्या आधी? की बंदरावर, जिथे अण्णा उपरण्याने डोळे पुसत ‘धूर फार आहे इथे’ म्हणाले होते, आणि त्यांच्यामागे मालिनी उभी होती? तिथे नेऊन बसवणारा न्यायाधीश कुणी असता, तर श्यामकांतने काहीही कबूल केलं असतं.

रविवारी फ्राऊ ओबर्लेंच्या स्वयंपाकघरात तिघे बसले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, ‘मी विसरले.’

‘काय?’

‘पाकीट. मी घेतलं, कपाटावर ठेवलं, आणि विसरले. साठ वर्षांची बाई आहे, विसरणार नाही तर काय. शपथेवर सांगते.’

‘गेनाऊ! अगदी बरोबर!’ दत्तात्रयांनी टेबलावर थाप मारली. ‘झालं काम! अरे, एवढंसं खोटं. त्या बापड्या मुलीसाठी.’

बाई उठल्या आणि श्यामकांतला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. ही खोली त्याने आजवर बंदच पाहिली होती. आज खिडकी उघडी होती, पलंगावर धुतलेली चादर होती. कोपऱ्यात एक पुरुषी बुटांचा जोड होता, चकचकीत पॉलिश केलेला.

‘माझा नवरा चव्वेचाळीस साली रशियात हरवला,’ बाई म्हणाल्या. ‘आम्टमधले, सरकारी कचेरीतले लोक दर वर्षी म्हणतात, मेला म्हणून कागद करून घ्या. मी करत नाही. तेरा वर्षं ही खोली कुणाला दिली नाही. तुमच्या बायकोला देणार होते. दोन माणसं पाहिजेत या घरात. मला वाट बघण्याचं कौतुक सांगू नका, हेर पाळंदे. त्यात काही कौतुक नसतं. सही करा आणि तिला आणा.’

श्यामकांत स्वयंपाकघरात परत आला. होय म्हणायला त्याने तोंड उघडलंसुद्धा. दत्तात्रयांनी मसुदा पुढे केला. ‘त्या दहा दिवसांत असं पाकीट आल्याची मला कल्पना नव्हती.’ एका ओळीचं वाक्य. श्यामकांतने पेन घेतलं आणि ती ओळ पुन्हा वाचली.

कल्पना नव्हती कशी? जमिनीवर पडल्या पडल्या त्याने ते पाकीट रोज पाहिलं होतं. उघडावंसं वाटलं होतं, आणि अण्णांसाठी उघडलं नव्हतं. अण्णांना त्याने आयुष्यात दुसरं दिलं काय होतं? पैसे ते घेत नसत, सेवा घडली नाही, अग्नी धाकट्याने दिला. ओंजळभर खसखस आणि हे दहा दिवस. तेवढेच. आणि आता सही करून तेही खोटे म्हणायचे?

आणि ही म्हातारी त्याच्यासाठी देवाची शपथ घेऊन खोटं बोलणार. उद्या कुणी पोस्टमनला विचारलं तर?

‘नाही जमणार,’ तो म्हणाला.

दत्तात्रय चिडले. ‘हरिश्चंद्राची अवलाद! तिकडे ती पोरगी दारात उभी राहून वाळतेय, आणि तू...’ मग स्वतःच थांबले. ‘जा जा. कळलं. तुझा बाप, तुझी बायको. मी कोण बोलणार?’

फ्राऊ ओबर्ले उठून आत गेल्या. त्यांनी मागच्या खोलीची खिडकी लावून घेतली.

अर्ज खरा लिहिला गेला. न्यायाधीशांनी त्याला आपल्या खोलीत बोलावून घेतलं. उंच, एका हाताला हातमोजा चढवलेला माणूस. तो हात लाकडी होता.

‘पाकीट कोर्टाकडून आलंय हे तुम्हाला ठाऊक होतं?’

‘हो.’

‘तुम्हाला कुणी उघडू दिलं नाही?’

‘कुणी अडवलं नाही. मीच उघडलं नाही.’ आणि मग श्यामकांतने जमेल तसं सांगितलं. दहा दिवस, आईची ओळ, अण्णांची लेखणी. ‘आमच्याकडे कोर्ट थांबतं, साहेब. मला वाटलं, सगळीकडेच थांबत असेल.’

न्यायाधीशांनी खिडकीबाहेर पाहिलं. ‘माझे वडील पंचेचाळीसच्या एप्रिलात गेले,’ ते म्हणाले. ‘कुठल्या दिवशी, तेही मला माहीत नाही. तुमच्यावर माझा विश्वास बसत नाही असं नाही. बसत नसता तर माझं काम सोपं होतं.’ त्यांनी कागद जवळ ओढला. ‘पण कायदा विचारतो, इलाज होता की नव्हता. तुमच्या डोक्याशी पाकीट होतं आणि तुम्ही हात लावला नाहीत. त्याला अगतिकता म्हणता येत नाही. ती तुमची निवड होती, आणि निवड केलेल्या माणसाला मी मागे नेऊ शकत नाही.’

‘चोरी मी केली की नाही, हे तरी...’

‘ते मला विचारताच येत नाही. हीच तर अडचण आहे. मला फक्त ते सात दिवस दिसतात.’

अर्ज फेटाळला गेला. त्या नकारावर वरच्या कोर्टात एक तक्रार करता येत होती, ती वकिलांनी केली. तिथूनही तीन ओळींचं उत्तर आलं. जानेवारीत परवान्याच्या ऑफिसातला साहेब मान खाली घालून म्हणाला की तुम्हाला प्रबंध होईपर्यंत राहता येईल, प्रोफेसरांनी शब्द टाकलाय; पण बायकोचं आता नाही. मालिनीचे कागद टेबलावर होते. फोटोत ती काठापदराचं लुगडं नेसली होती आणि फोटोवाल्याने सांगितल्यामुळे किंचित हसत होती. साहेबाने कागद परत दिले. श्यामकांतने तिचा फोटो पाकिटात तोंड खाली करून घातला. तिच्याकडे बघण्याचा त्याला धीर होईना.

प्रबंधाला अजून सव्वा वर्ष होतं. सोडून परत जावं, असं त्याच्या मनात रोज येई. पण डॉक्टर होऊन ये, हे अण्णांचं शेवटचं पत्र होतं, आणि त्यावर अपील नव्हतं.

त्याने मालिनीला सगळं लिहिलं. एक अक्षर झाकलं नाही. फ्राऊ ओबर्लेंचं खोटंही लिहिलं आणि ते आपण घेतलं नाही हेही. ‘तुला वसंतात आणता आलं असतं. मी आणलं नाही. तू मला काय म्हणशील ते मी ऐकीन.’ आणि मग तीन गुरुवार तिचं पत्र आलं नाही. श्यामकांतने आपले गुरुवार चुकवले नाहीत, पण काय लिहावं ते सुचत नसे. हवा थंड आहे, प्रकृती ठीक आहे. संध्याकाळी तो रिकामाच पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन येई. फ्राऊ ओबर्ले त्याच्याकडे बघून मान हलवत.

चौथ्या आठवड्यात पत्र आलं. त्याने ते कोट न काढता, उभ्यानेच उघडलं.

‘सौ. मालिनीचा नमस्कार. उत्तराला उशीर केला, कारण मला राग आला होता. खोटं कशाला सांगू? तुम्ही तिकडे खरं बोललात, आणि इथे मी महिनाभर कुणाशीच बोलले नाही. वन्सं विचारत, ट्रंक का बांधलीस आणि का सोडलीस? मी काय सांगणार?

‘मग सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, श्यामने अर्धंच पाहिलं. आजेसासरे गेले तेव्हा मामंजींनी लेखणी धरली नाही हे खरं. तारखा कोर्टाने दिल्या हेही खरं. पण एका पक्षकाराच्या अपिलाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, आणि मुदतीला सुतक नसतं, हे मामंजींना माहीत होतं. ते मागच्या दाराशी उभे राहिले, शेजारचे कारकून अंगणात बसले, आणि मामंजींनी तोंडाने सांगून सगळा कागद त्यांच्या हातून लिहवून घेतला. तुम्ही तेव्हा पुढच्या दाराशी खेळत होतात.’

श्यामकांत खुर्चीवर बसला. दत्तात्रय एका गाडीच्या अंतरावर होते. दाराआडून एक हाक, एक निरोप. अण्णांनी स्वतः दाखवून ठेवलेली वाट, आणि त्याने तेव्हा पाहिली नव्हती. अण्णांसाठी म्हणून त्याने जे केलं, ते अण्णांनीच केलं नसतं. पुष्कळ वेळाने त्याने पुढचं पान उलटलं.

‘हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून लिहू नये असं वाटलं होतं. पण तुम्ही माझ्यापासून काही झाकलं नाहीत. मग मीही एक सांगते, जे आजवर कुणाला सांगितलं नाही. तुमचं ते ऑक्टोबरातलं पत्र, ज्याच्यापायी सायकल घेतलीत, ते मामंजी गेले त्याच दुपारी आलं. पोस्टमन दारात आणि आत ते तसे. घरात सुतक. मी ते पत्र देवळीत ठेवलं. जाड होतं, आत काहीतरी घडी घातलेलं होतं. मला कळत होतं की यात काय असणार. रोज येता-जाता बघत होते. कुणी मना केलं नव्हतं हो, उघडलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. दहा दिवस उघडलं नाही. अकराव्या दिवशी न्हाऊन आले आणि उघडलं.

‘म्हणून राग फार दिवस टिकला नाही. तुमच्यावर रागवायचं तर मला आधी माझ्यावर रागवावं लागतं.

‘सासूबाई म्हणतात सव्वा वर्ष म्हणजे काय, डोळे मिटून उघडले की झालं. त्यांना काय होतंय म्हणायला. मी मोजलं, पासष्ट गुरुवार होतात. तुम्ही त्या पत्रात शेवटी ‘ये’ लिहिलं होतं. मला येता आलं नाही. आता मी लिहिते. या.’

श्यामकांतने पत्र घडी करून आतल्या खिशात ठेवलं. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, त्या एका अक्षरात, त्याला तिचा आवाज ऐकू आला. ‘अहो’च्या पुढचा.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. पोस्टापर्यंत पायी पाऊण तास लागे. तो सव्वाचारलाच प्रयोगशाळेतून निघाला. संस्थेच्या दारात, बाजारातून परतणाऱ्या फ्राऊ ओबर्ले भेटल्या. पिशवीत त्यांनी नव्या पडद्याचं कापड आणलं होतं. ‘मागच्या खोलीला,’ त्या म्हणाल्या. ‘खोली आहे तिथे आहे. वाट बघणाऱ्याला पडदे लागतातच.’ श्यामकांतने त्यांना वाकून नमस्कार केला, तो त्यांना कळला नाही, आणि तो चालू लागला. अंगणातल्या भिंतीशी आता दुसरीच कुणाचीशी सायकल टेकवलेली होती, बिनकुलपाची. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी त्याने खिडकीत पत्र दिलं, थैलीत पडेपर्यंत उभा राहिला, आणि मनाशी म्हणाला, चौसष्ट.